अंगणातली काळी लादी

“मग काळीच बसवू ना, बुवा?”

रत्नाकरने पुन्हा विचारलं. अण्णाबुवा मठाच्या पडवीत बसून शेंगा सोलत होते. ते सोलतच राहिले.

अंगणातला कोबा जागोजाग उखडला होता. पंगतीला बसलेला माणूस उठला की धोतराला सिमेंटची भुकटी. कोब्यावर काय बसवायचं, ते बुवांनी रत्नाकरवर सोपवलं होतं. लाडका शिष्य, त्यात इंजिनियर. तोही जीव ओतून कामाला लागलेला. पॉलिशच्या काळ्या ग्रॅनाइटची एक लादी आणि खरबरीत शहाबादीची एक, अशा दोन त्याने अंगणात मांडून ठेवल्या होत्या. उद्या गवंडी येणार होते, आणि भंडारा तोंडावर आलेला.

“शहाबादी झिजते, बुवा. ग्रॅनाइटला शंभर वर्षं काही होत नाही. ना उन्हाने, ना पावसाने.”

“लादीला?”

“हो, लादीलाच!”

“बरं...”

“तापते म्हणतात लोक. पण काल भर दुपारी तुम्ही स्वतः तिच्यावर उभे राहिलात. चटका बसतोय का विचारलं, तर म्हणालात, काहीच वाटत नाही.”

“खरंच नाही वाटलं.”

“मग झालं तर!”

बुवांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि उजवा पाय पुढे केला.

पाया पडू देताहेत असं वाटून रत्नाकर लगबगीने वाकला... आणि वाकलेलाच राहिला.

तळव्यावर बोराएवढा फोड फुटला होता.

“बुवा! हे काय?”

“कालचं.”

“आणि तुम्हाला कळलं नाही?”

“सकाळी चादरीला डाग दिसला, तेव्हा कळलं.”

रत्नाकरने तो पाय हलकेच हातात घेतला.

“पायांना आता काही कळत नाही रे. चैत्राच्या उन्हात अनवाणी हिंडतो. गाव म्हणतं, सिद्धी. डॉक्टर म्हणतात, साखर.”

बुवा खुदकन हसले. रत्नाकरला कुठलं हसू येतंय! त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ज्या पायांवर डोकं ठेवायचं, तेच त्याने भाजले होते.

“पूस डोळे. माझं काय घेऊन बसलास? भंडाऱ्याला गावातली म्हातारी सोनाक्का येईल, चपला फाटकाबाहेर काढून. तिच्या पायांना सगळं कळतं.”

“चुकलं, बुवा... तुम्हीच सांगा, कोणती बसवू?”

बुवांनी त्याच्या बुटांकडे पाहिलं.

रत्नाकर पायरीवर बसला. बूट काढले, मोजे काढले, आणि उन्हात जाऊन काळ्या लादीवर उभा राहिला.

“आई गं!”

पण उतरला नाही. दात आवळून तसाच उभा. बुवांनी सोसलं ते आपणही सोसायचं, असं काहीतरी खूळ डोक्यात शिरलेलं.

“उतर आधी, मूर्खा!”

बुवा ओरडले. त्यांना ओरडताना मठात आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

त्याने शेजारच्या शहाबादीवर उडी मारली. तीही तापली होती, पण पाय टेकवता येत होता.

बुवांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. एक शेंग फोडली.

“हं... आता मी तुला विचारतो, रत्नाकरा. कोणती बसवायची?”