कोंबडा नसलेलं खुराडं

एका गावात एक बुरूड होता. गावातल्या झाडून साऱ्या कोंबड्या त्यानंच विणलेल्या डालग्यांखाली झाकल्या जायच्या, पण त्याच्या स्वतःच्या दारात कोंबडीचं पीसही सापडलं नसतं. दिवसभर बांबू चिरायचे, पाट्या विणायच्या आणि दोन शब्द बोलायला बायको होती. तेवढं त्याला पुरत होतं.

मग एका हिवाळ्यात बायको गेली.

लोक तेरा दिवस येऊन बसले आणि आपापल्या कामाला लागले. त्यांचं तरी काय चुकलं? प्रत्येकाच्या मागं पोट आहे. बुरूड मात्र तिथंच राहिला. त्याला सगळ्यात जड जायची ती पहाट. शेजारच्या आक्काचा कोंबडा आरवला की बायको उठायची, चूल पेटायची, भांडी वाजायची. आता कोंबडा आरवायचा आणि पुढं काहीच व्हायचं नाही. बुरूड पुढच्या आवाजाची वाट बघत तसाच पडून राहायचा.

एकदा बाजारात पाटी घेता घेता एक म्हातारा त्याला म्हणाला, "घर खायला उठतंय ना? दोन कोंबड्या पाळ. पायांत घोटाळतात, दिवसभर काहीबाही बोलत राहतात. बरं वाटतं."

बुरडाला ते पटलं. त्यानं विटांवर उंच खुराडं बांधलं, म्हणजे मुंगूस शिरणार नाही. आत बसायला आडवा बांबू लावला, खाली राख पसरली. मग दोन तलंगा आणल्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या. एक तांबडी, एक ठिपक्यांची. दुसऱ्याच दिवशी आक्काचा कोंबडा पाहुण्याच्या थाटात अंगणात उतरला. बुरडानं काठी घेऊन त्याला हाकललं आणि अंगणाभोवती पुरुषभर उंच, बांबूच्या विणलेल्या तट्ट्या उभ्या केल्या. विणकाम असं घट्ट, की मुंगीनंही आधी विचारून आत यावं.

शेवटची तट्टी बांधताना पलीकडून आक्का म्हणाली, "बाबा, कोंबडा नाही का आणलास?"

"नको. मला आरवणं सोसत नाही."

"नुसती अंडी खायची असतील तर चालेल रे. पण पुढं कधी तुला..."

"आक्का, माझं मला बघू दे," असं म्हणून बुरडानं गाठ आवळली. आक्का निघून गेली.

कोंबड्या गुणाच्या निघाल्या. अंड्यावर आल्या, पायांत घोटाळू लागल्या. बुरूड त्यांना बाजारातल्या गोष्टी सांगायचा आणि त्या मान वाकडी करून ऐकायच्या. पण कोंबड्या त्या कोंबड्याच. दिवस मावळला की खुराड्यात जायच्या, आणि घर पुन्हा मुकं व्हायचं.

म्हणून पुढच्या हिवाळ्यात तांबडी खुडूक झाली तेव्हा बुरूड हरखला. ती पिसं फुगवून एका जागी बसली, हात लावला की टोचू लागली. आता पिल्लं होणार, घर भरणार! त्यानं घरातच एका पाटीत पेंढा घातला आणि अकरा अंडी मांडली. अंडी विषमच ठेवावीत, हे त्यानं गिऱ्हाइकांकडून ऐकलं होतं. जे ऐकायला हवं होतं तेच तेवढं राहिलं होतं.

एकविसाव्या दिवशी त्यानं पाटीला कान लावला. काही नाही. बाविसावा गेला, तेविसावा गेला. तांबडी दाण्यालाही उठेना. तुरा फिका पडला, छातीचं हाड हाताला लागू लागलं. पंचविसाव्या दिवशी बुरडाला भीती वाटली, की ही आता बसल्या जागीच मरणार.

खुडूक मोडायची रीत त्याला ठाऊक होती. अंडी काढून घ्यायची आणि कोंबडीला गार पाण्यात दोनदा बुडवायची. तो तिला घेऊन रांजणापाशी गेला. ती हातात कापसासारखी हलकी लागली, आणि मान वळवून पाटीकडंच बघत राहिली. बुरडाचे हात अडले.

"रिकाम्या जागेवर बसून राहणं काय असतं, ते मला विचार," तो तिला म्हणाला. त्यानं तिला परत पाटीत ठेवलं आणि आक्काच्या घराकडं निघाला.

दहा पावलांवरचं घर, पण तट्टीला त्या अंगानं वाटच ठेवली नव्हती. अर्ध्या गावाला वळसा घालून जावं लागलं. लोक विचारत होते, "काय, आज इकडं कुठं?" बुरूड खाली मान घालून चालत होता.

आक्का अंगणात कण्या टाकत होती. पुढ्यात कोंबडी आणि तिची पिल्लं.

"आक्का, माझी कोंबडी मरायला टेकलीय. पंचवीस दिवस झाले, एक अंडं फुटलं नाही. काय बिघडलं असेल?"

"बिघडलं काही नाही. कोंबड्यावाचून कोंबडी अंडी घालते रे, पण त्यातून पिल्लू निघत नाही. त्या दिवशी तेच सांगत होते."

"चुकलं माझं," बुरूड म्हणाला. "तो आरवायचा त्याच वेळी ती उठायची. म्हणून मला नको होता."

आक्कानं कण्यांची शेवटची मूठ टाकली. "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, बाबा? मीही त्याच आरवण्याला उठते. पंधरा वर्षं झाली, एकटीच उठते."

बुरूड पंधरा वर्षं तिच्यापासून दहा पावलांवर राहिला होता. हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"चौदा निघाली काल," आक्का पिल्लांकडं बघत म्हणाली. "या थंडीत हिच्या पंखाखाली चौदा मावत नाहीत. सात तू घे. दिवेलागणीला, कोंबडी पेंगत असताना अंडी काढून पिल्लं सरकवायची. ती आपलीच म्हणते."

संध्याकाळी आक्का तोच वळसा घालून, पदरात पिल्लं घेऊन आली. दोघांनी मिळून एकेक अंडं काढलं, एकेक पिल्लू सरकवलं. तांबडीनं डोळे किलकिले केले आणि पंख थोडे पसरले.

पहाटे कोंबडा आरवला. बुरूड नेहमीसारखा पडून होता. आणि पाटीतून हलकेच आवाज आला, "क्लुक." मग सात बारीक आवाज. बुरडाला रडू आलं. तो तसाच उठला आणि त्यानं चूल पेटवली.

उजाडल्यावर त्यानं आक्काच्या अंगाची एक तट्टी सोडून काढली आणि चहाला हाक मारली. त्या वाटेनं आधी कोण आत आलं म्हणता? तोच, पाहुण्याच्या थाटात. बुरडानं काठी उचलली नाही. त्यानं मूठभर दाणे टाकले.

तात्पर्य इतकंच: आठवण अडवायला घातलेल्या कुंपणानं आठवण अडत नाही, माणसं मात्र अडतात.