लाखेखालचा दोर

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. जिने मला ती सांगितली, त्या मावशीने "हे घराबाहेर बोलायचं नाही" असेही बजावले होते. म्हणून गावाचे नाव मी सांगत नाही आणि माणसांची नावे बदलली आहेत. बाकी काही बदललेले नाही.

खोल दरीच्या काठावर एक गाव होते. बाजार आणि वैद्य दोन्ही पलीकडच्या काठावर होते. पायवाट दरीत उतरून पुन्हा वर चढायची. तिने जायचे तर अर्धा दिवस मोडायचा. मग त्र्यंबकशेठ नावाच्या माणसाने एक युक्ती केली. त्याने दोन्ही काठांवर खांब रोवले, दरीवरून जाड दोर ताणला आणि त्याला वेताचा मोठा पाळणा टांगला. पाळण्यात बसायचे आणि पलीकडच्या गड्यांनी दुसऱ्या बारीक दोराने ओढून घ्यायचे. विडा चघळून होईपर्यंत माणूस पलीकडे. लोकांनी शेठला डोक्यावर घेतले.

त्या गावात एक जुनी रीत होती. तिला 'पुसणे' म्हणत. सगळ्यांच्या उपयोगाची वस्तू कुणी बनवली, की त्याने दर दसऱ्याला चावडीवर बसून प्रश्नांची उत्तरे द्यायची. प्रश्न विचारणारा त्याच कामातला जाणकार असे. रहाटाबद्दल सुतार विचारी, रांजणांबद्दल कुंभार. बाकीच्यांनी फक्त ऐकायचे. उत्तर पटले नाही, तर ती वस्तू बंद.

पाळण्याबद्दल विचारायचे काम गोजाबाईकडे आले. तिचे आयुष्य दोर वळण्यात गेले होते. बाई फटकळ होती. तिच्यासमोर बसायला लोक कचरत, आणि ते तिला मनातून आवडत असे.

"शेठ, हा दोर किती टिकेल?" तिने विचारले.

"पुष्कळ टिकेल."

"पुष्कळ म्हणजे किती, ते विचारलं मी."

लोक हसले. शेठ हसला नाही. "दर पावसाळ्यानंतर बदलीन," तो म्हणाला.

"चांगलं आहे. मग पुढच्या दसऱ्याला पीळ उलगडून आतून बघीन."

वर्ष गेले. पायवाटेवर घाणेरीची झुडपे माजली. आता तिने कुणी जात नव्हते. दूध, गूळ, आजारी माणसे, लग्नाची वऱ्हाडे, सगळे पाळण्यातून जाऊ लागले. दोरावर शेठने लाल लाखेचा थर दिला होता. उन्हात तो असा चमके की लोक बघत उभे राहत.

दसरा जवळ आला तेव्हा शेठ पंचांना भेटला.

"गोजाबाईंचं बोलणं मनाला फार लागतं," तो म्हणाला. "यंदा रंगनाथला विचारू द्या."

"रंगनाथ कवनं करतो, शेठ," पाटील म्हणाले. "त्याला दोरातलं काय कळतं?"

"म्हणूनच तो सगळ्यांना कळेल असं विचारील." मग शेठने आवाज खाली आणला. "आणि नसेल जमत, तर पाळणा बंद ठेवू. मला तरी कुठे हौस आहे?"

पंचांनी एकमेकांकडे पाहिले. एकाच्या आईचे औषध पलीकडून येत होते. एकाचा गूळ पलीकडे विकला जात होता. त्यांनी मान डोलावली. गावाची चूक इथे झाली. ज्याने उत्तरे द्यायची, त्यालाच त्यांनी विचारणारा निवडू दिला.

दसऱ्याला रंगनाथ फेटा बांधून आला. त्याने विचारले, "शेठ, तुम्हाला एवढं सुचतं तरी कसं?" मग विचारले, "शेठ, तुम्ही सकाळी उठून काय खाता?"

"भिजवलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा," शेठ म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून गावातले अर्धे पुरुष सकाळी शेंगदाणे चावू लागले.

त्या दसऱ्याला चावडीवर गोजाबाई मागच्या लोकांतून उठून उभी राहिली होती. "दोर बदलला का?" तिने एवढेच विचारले. शेठने उन्हाकडे पाहिले, उशीर झाल्याचे सांगितले आणि तो उठला. पुढे ती समोरून येताना दिसली की तो गल्ली बदलू लागला. ती घरी गेली, तर शेठ झोपलेला असे. एकदा त्याने निरोप पाठवला, की लाखेची कृती धंद्यातले गुपित आहे, त्यामुळे दोराला कुणी हात लावू नये.

गोजाबाईची मुलगी सुंद्री रोज दुधाची चरवी घेऊन पाळण्यातून पलीकडे जायची. ती पोहोचेपर्यंत गोजाबाई काठावर उभी राही. ती दोराकडे बघत नसे, डोळे मिटून ऐकत असे. चांगल्या दोराचा आवाज भरलेला येतो. हा दोर वाळलेल्या शेंगेसारखा वाजू लागला होता.

"नको जाऊस गं," ती म्हणाली.

"आई, सगळेच जातात."

"सगळे जातात म्हणून दोराला बळ येत नाही."

"मग दूध काय कावळ्याच्या पाठीवर ठेवून पाठवू?" सुंद्री हसली आणि पाळण्यात बसली.

गोजाबाईने आणखी एक गोष्ट पाहिली होती. शेठ बाजारातून परतला, की त्याच्या धोतराच्या काठाला गवताची कुसळे चिकटलेली असत. पाळण्यातून येणाऱ्या माणसाला कुसळे लागत नाहीत. तिने हे पाटलांना सांगितले. पाटलांनी आधी दाराकडे पाहिले. "हळू बोल, गोजा," ते म्हणाले. "शेठच्या कानावर जाईल." तेव्हा तिला कळले, की गावात आपण एकटीच घाबरलेली नाही. सगळे घाबरले होते. पण ते दरीला नाही, शेठला घाबरत होते.

पुढच्या दसऱ्याला पलीकडच्या प्रांताचे सरदार शेठला शाल द्यायला बाजारच्या काठावर आले. शेठने स्वतःच्या पाळण्यातून पलीकडे यावे आणि येता येता रंगनाथने त्याला प्रश्न विचारावेत, असे ठरले. दोन्ही काठांवर माणसे जमली. वाजंत्री लागली. आता शेठला नाही म्हणता येईना. तो पाळण्यात बसला आणि त्याने दोन्ही हातांनी वेताची कड धरली.

रंगनाथ पाळण्यापर्यंत आला. त्याने शेठचे हात पाहिले. शेठचा चेहरा पाहिला. मग तो पोट धरून खाली बसला.

"माझं पोट बिघडलंय," तो म्हणाला. "शेंगदाणे बाधले बहुतेक."

रिकाम्या जागेवर गोजाबाई जाऊन बसली. "प्रश्न विचारायला कुणीतरी हवं ना, शेठ," ती म्हणाली. सगळे बघत होते. शेठला तिला उतरवता आले नाही. गड्यांनी पाळणा ओढायला घेतला.

काठ मागे गेला. वाजंत्रीचा आवाज बारीक झाला. खाली इतके खोल होते की तळातला ओढा पांढऱ्या दोऱ्यासारखा दिसत होता. गोजाबाईनेही वेताची कड धरली. तिला शेठपेक्षा जास्त भीती वाटत होती, कारण वरचा आवाज काय सांगतो आहे ते तिला कळत होते. समोरच्या काठावर सुंद्री उभी होती. संध्याकाळी ती याच पाळण्यातून परत येणार होती. गोजाबाईने तिच्याकडे पाहिले आणि तोंड उघडले.

"शेठ, दोर बदलला का?"

"ही काय विचारायची जागा आहे?"

"दुसऱ्या जागांवरून तुम्ही उठून जाता."

मध्यावर आल्यावर गडी हात बदलायला थांबत. पाळणा थांबला आणि वाऱ्याने हलू लागला. वर काहीतरी कटकन वाजले. शेठने मान वर केली नाही.

"हत्ती पेलेल हा दोर," तो म्हणाला.

"आपण दोघंच आहोत, शेठ. हत्तीचं राहू द्या. बदलला का?"

"नाही," तो म्हणाला. "वरून लाख दिली. आतून मी बघितलंच नाही."

"का नाही बघितलं?"

"बघितलं असतं, तर सांगावं लागलं असतं."

तेवढ्यात दोराचा एक पेड तुटला. पाळणा हातभर खाली आला. गोजाबाईने डोळे मिटले. शेठ ओरडला, "हळू! हळू ओढा!" दरीत आवाज घुमतो. तो दोन्ही काठांवरच्या सगळ्यांनी ऐकला. ज्याचा दोर हत्ती पेलतो, तो माणूस असे ओरडत नाही. वाजंत्री आपोआप थांबली.

गड्यांनी श्वास रोखून, वीत वीत करत पाळणा ओढला. तुटलेल्या पेडातून काळा भुसा गळत होता आणि शेठच्या नव्या फेट्यावर साचत होता. कितीतरी वेळाने पाळणा काठाला लागला. सुंद्रीने आईला उचलूनच बाहेर घेतले.

"काय झालं, शेठ?" सरदारांनी विचारले.

शेठने फेटा झटकला. आता त्याचे पाय जमिनीवर होते. "काही नाही," तो म्हणाला. "वारा होता."

सुंद्रीने आईला खांबाशी बसवले. मग ती पुढे आली.

"वारा आता पडलाय, शेठ," ती म्हणाली. "शाल घ्या आणि याच पाळण्यातून घरी जा. आम्ही रोज जातो तसं."

शेठने पाळण्याकडे पाहिले. मग सरदारांकडे पाहिले. शाल न घेताच तो वळला आणि घाणेरीची झुडपे बाजूला सारत पायवाटेने खाली उतरू लागला.

त्याला कुणी हसले नाही. आपण शेवटचे त्या पाळण्यात कधी बसलो होतो, हे प्रत्येक जण आठवत होता. गावाकडच्या काठावर एका बाईने आपले मूल इतके घट्ट धरले, की ते रडू लागले. पाटील खांबाला टेकून उभे होते. लाख त्यांनीही रोज पाहिली होती. प्रश्नही त्यांना ठाऊक होता.

तात्पर्य: ज्याच्या हाती सगळ्यांचा जीव असतो, त्याला त्या कामातल्या जाणकारानेच प्रश्न विचारावेत, आणि तो जाणकार कोण हे त्याला स्वतःला कधीही ठरवू देऊ नये. जाणकाराला टाळून जो फक्त कौतुक करणाऱ्यांशी बोलतो, त्याच्या दोरावर विसंबू नये. आणखी एक तात्पर्य आहे. ते शेठसाठी नाही, आपल्यासारख्या गप्प बसणाऱ्यांसाठी आहे. ते असे, की आपल्याला सगळे दिसत असूनही आपण जेव्हा…

आले, मावशी. काही नाही, अभ्यासच करत होते.