बाळंतिणीचं वळण

वरच्या हेदुळाहून खैरवाडीला जाणारी पायवाट कातळसड्यावर, खडकाच्या उघड्या पठारावर, सरळ रेषेत धावते. मधेच मात्र ती डावीकडे उतरते, ओढ्यापर्यंत जाते आणि मोठा वळसा घालून पुन्हा वर येते. समोर ना दरड, ना पाणी. चालायला आलेले पाहुणे हमखास विचारतात, सरळ का नाही जायचं? मग त्यांना वाट दाखवणारे वासू गुरव काठी टेकून उभे राहतात आणि ठकू सुइणीची हकिकत सांगतात.

असं सांगतात, की तेव्हा वाट सरळच होती. आषाढाचे दिवस. पाऊस दोन दिवस उघडलेला आणि कातळ उन्हाने तापलेला. खैरवाडीचा रावजी दुपारी धापा टाकत हेदुळात आला. बायको सकाळपासून अडली होती. ठकू हातातलं काम टाकून निघाली. रावजी पुढे, खांद्याला कोयता. ठकू मागे, अनवाणी.

निम्मा सडा ओलांडला आणि भात्यातून वारा सुटावा तसा फूत्कार ऐकू आला. वाटेवर आडवी घोणस पडली होती, मनगटाएवढी जाड. ठकूचा नवरा घोणस डसूनच गेला होता. भाताच्या खाचरातून घरापर्यंतसुद्धा तो पोचला नव्हता.

रावजीने कोयता उपसला. "काकी, मागं हो. एका घावात तोडतो."

ठकूला ते हवंच होतं. पण नजर घोणशीच्या शेपटीकडे गेली. तिथे पातळ पडद्यात गुंडाळलेलं काहीतरी वळवळत होतं. पडदा फाटला आणि वीतभर पिल्लू बाहेर सरकलं. शेजारी आणखी दोन होती. घोणशीचं अंग पुन्हा आवळलं. ते आवळणं ठकूच्या ओळखीचं होतं.

"थांब," ती म्हणाली. "बाळंत होतेय ती."

"तिकडे माझी बायको मरतेय आणि तुला सापाचं पडलंय?"

"एकीचं बाळंतपण कापून दुसरीचं करायला माझे हात उठायचे नाहीत, रावजी. वाट सोड."

वाट सोडायची म्हणजे कुठे जायचं? उजवीकडे कडा, डावीकडे ओढ्यापर्यंत करवंदीची जाळी. रावजी शिव्या देत जाळी तोडू लागला. ठकू मागून उतरत होती. पायांत काटे मोडत होते आणि प्रत्येक पावलाला तिला वाटत होतं, आपण चुकलो. याची बायको गेली तर हा माणूस आपल्याला आयुष्यभर क्षमा करणार नाही, आणि ते बरोबरच असेल.

जाळी संपून ती दोघं ओढ्याकाठच्या वाटेवर आली, तर समोरून डोली येत होती, आत रावजीची बायको. रावजीचे दोन भाऊ घामाघूम होऊन ती वाहत होते. पोरीचे डोळे फिरायला लागले तसा त्यांना धीर निघेना. तिलाच सुइणीकडे न्यावं म्हणून ते खालच्या सपाट वाटेने निघाले होते.

ठकूने तिथेच, उंबराखाली, डोली उतरवली. मूल पायाळू होतं. तिने ते हलक्या हाताने सोडवलं. मुलगी झाली. मायलेकी दोघी जगल्या.

घोणशीने फणा काढून वाट दाखवली, असं काहीजण म्हणतात. वासू गुरव हसतात. घोणशीला फणा नसतो आणि तिला माणसाची वाट ठाऊक नसते, एवढंच ते म्हणतात.

दुसऱ्या दिवशी रावजी तोच कोयता घेऊन सड्यावर आला. कातळावर पडद्यांच्या वाळक्या चिंधड्या तेवढ्या होत्या. त्याने ओढ्यापर्यंतची उरलेली जाळी दिवसभर तोडली आणि वाट तिकडून वळवली. ठकू म्हातारी झाल्यावर त्याने तिला विचारलं म्हणे, "काकी, त्या दिवशी घोणस नसती तर?"

"मी वरून गेले असते," ठकू म्हणाली, "आणि ती खालून."

आजही हेदूळ-खैरवाडीची माणसं सरळ कातळावरून जात नाहीत. साप आडवा आला तर थांबतात, पाय आपटतात, तो जाईपर्यंत उभी राहतात. घाई असेल तर वाट सोडून जातात. आणि घाईतल्या माणसाला उशीर का झाला, असं त्या दोन गावांत कुणी विचारत नाही.