फाटकाच्या आत

"अजून किती विहिरी बांधून दिल्या म्हणजे पुरे होईल, माई?"

रसेलने मोडक्यातोडक्या व्हिएतनामीत विचारलं. वृद्ध भिक्खुणी दियू आन मठाच्या पायरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

तरुणपणी रसेल याच मुलुखात अमेरिकी सैनिक म्हणून लढला होता. म्हातारपणी तो परत आला, आणि मग दर हिवाळ्यात येतच राहिला. आपल्या पेन्शनीतून त्याने गावोगाव विहिरी बांधल्या. त्या कामात बाओ त्याच्यासोबत असे. बाओ तेव्हा समोरच्या बाजूने लढलेला. आता दोघं एकाच मोटरसायकलवरून फिरत.

"बाओच्या घरी जातोस का?" माईंनी विचारलं.

"फाटकापर्यंत."

"आणि आत?"

"नाही... त्याचा थोरला भाऊ लढाईत गेला. आई अजून आहे. तिच्यासमोर कुठल्या तोंडाने जाऊ?"

"ती बोलावत नाही?"

"दरवेळी बोलावते. पाणी तरी पिऊन जा म्हणते. मी सांगतो, माझं पाणी माझ्याजवळ आहे."

माईंनी हात पुढे केला. रसेलने खांद्यावरची बाटली काढून दिली. त्यांनी झाकण उघडलं आणि सगळं पाणी पपईच्या बुंध्याशी ओतलं.

"ऊन फार आहे," त्या म्हणाल्या. "जा आता."

रसेल परतला तेव्हा संध्याकाळ झाली होती. शर्टावर रश्शाचा डाग होता.

"पाणी मागितलं, तर त्यांनी जेवायलाच बसवलं."

"मग?"

"म्हातारी माझ्याशेजारी बसली. तिला आता नीट दिसत नाही. तरी बोटांनी चाचपून माशाचे काटे काढून दिले. मला... लहान मुलाला देतात तसे."

माईंनी सरकून त्याला पायरीवर जागा करून दिली.

"भिंतीवर तिच्या मुलाचा फोटो होता. माझा घास हातातच राहिला. तिला ते कळलं असावं. आणखी भात वाढत म्हणाली, त्यालाही हाच मासा आवडायचा."

त्याने शर्टावरच्या डागावरून बोट फिरवलं.

मग रसेल हसला. "नव्या वर्षाच्या सणाला ये म्हणालीय. आता सणाच्या दिवशी रिकाम्या हाताने कसं जायचं? काय घेऊन जाऊ, माई?"

"भूक."