काचेचा विसावा आणि दगडी ओटा

एका तालुक्याच्या गावी आर्किटेक्चरचं एक कॉलेज होतं. तिथे मयूरी घोडके नावाची मुलगी शिकत होती. तिला एक खोड होती. डोळ्यांना काही विचित्र दिसलं, की ती ‘असं का?’ म्हणून विचारायची आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलायची नाही.

पहिल्या वर्षी सरांनी एसटीच्या थांब्याचं डिझाइन करायला सांगितलं. बाकीची मुलं लगेच सुंदर सुंदर छपरं काढू लागली. मयूरी आधी जुन्या थांब्यावर गेली. लोक छपराखाली नव्हतेच. ते शेजारच्या पानटपरीच्या सावलीत दाटीवाटीनं उभे होते. असं का? दुपार झाली आणि उत्तर मिळालं. थांब्याचं तोंड पश्चिमेला होतं. ऊन सरळ आत शिरून बाकड्यावर बसत होतं, मग माणसं कुठे बसणार?

पुढच्या वर्षी वाचनालय करायचं होतं. मयूरीला दिसलं, की लहान मुलं खुर्च्या सोडून जिन्यावर बसून वाचतात. असं का? खुर्च्या मोठ्यांच्या मापाच्या होत्या. पाय लोंबकळून त्यांना मुंग्या यायच्या. मयूरीनं जिनाच ऐसपैस केला आणि त्यालाच मुलांचं वाचनालय करून टाकलं. तिला शिकवणारे टिळेकर सर खूश झाले.

वर्गातली मुलं तिला ‘चौकशी खिडकी’ म्हणत. ती तोंड उघडायला लागली, की सौमित्र ओरडायचा, “खिडकी उघडली रे! आता आपली जेवणाची सुट्टी गेली!”

मयूरी हसायची. तिचे प्रश्न तोवर दुसऱ्यांच्या चुका शोधत होते. असे प्रश्न विचारायला मजा येते.

शेवटच्या वर्षी मोठं काम आलं. गावच्या सरकारी दवाखान्यात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक हॉल होता. तो कायम रिकामा असायचा. म्हणून तेलगिरणीचे मालक दादासाहेब मोहरकर यांनी ठरवलं, की त्याच आवारात नवा हॉल बांधून द्यायचा. त्याला ‘मोहरकर विसावा’ असं नाव द्यायचं. मुलांनी डिझाइनं करायची, परीक्षकांनी एक निवडायचं. ज्याचं निवडलं जाईल, त्याचं नाव दादासाहेबांच्या नावाखाली संगमरवरात कोरलं जाणार होतं. शिकत असतानाच आपली इमारत उभी राहणार आणि तिच्यावर आपलं नाव! कुणाला नको होतं?

मयूरीनं जीव ओतून काम केलं. दवाखान्याच्या आवारात, मागच्या बागेच्या कोपऱ्यात तिनं हॉलची जागा धरली. वळणदार भिंत, मधोमध कडुनिंबाचं झाड, वरून झिरपणारा उजेड. सनबोर्डचा हलका पुठ्ठा कापून तिनं त्याचं मॉडेल केलं. कॉलेजची रीत अशी होती, की परीक्षक मॉडेलचं छप्पर उचलून, वरून वाकून आत बघत. मयूरीच्या मॉडेलचं छप्पर उचललं, की झाडाची सावली भिंतीवर पडलेली दिसायची.

टिळेकर सर म्हणाले, “मयूरी, आता याला हात लावू नकोस. संगमरवर तुझा!”

पण मयूरीला खोड होती. तिनं विचारलं, “सर, जुना हॉल रिकामा का असतो?”

“घाणेरडा असेल.”

“उकडत असेल,” सौमित्र म्हणाला. “आणि दिसायला काय भिकार आहे तो! म्हणून तर नवा बांधायचा. झाकून घे आता खिडकी.”

मयूरी दवाखान्यात गेली. जुना हॉल झाडून पुसून लख्ख होता. पंखे चालू होते. बाकडी धड होती. माणूस मात्र एकही नव्हता. एका बाकड्याखाली एक तांबडं कुत्रं गाढ झोपलं होतं.

घाण नव्हती. उकडत नव्हतं. भिकार म्हणावा, तर दवाखान्याच्या बाकीच्या इमारतींपेक्षा तो बरा होता. मग असं का?

ती वॉर्डाकडे गेली. वॉर्डाबाहेरच्या अरुंद व्हरांड्यात माणसंच माणसं होती. कुणी फरशीवर टॉवेल अंथरला होता, कुणी गाठोड्याला टेकलं होतं, कुणी गुडघ्यात मान घातली होती. येणारेजाणारे त्यांना ओलांडून जात होते.

दाराजवळ पारूबाई भुसारे बसली होती. तिचा नवरा धोंडिराम पाय मोडून आत पडला होता. पारूबाईचे डोळे जागरणानं लाल झाले होते.

“मावशी, तिकडे बाकडी आहेत, पंखे आहेत. इथे फरशीवर का बसता?”

“बरं हाय हितंच.”

मयूरीनं आणखी चारचौघांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर तेच. बरं आहे इथेच. हे काही उत्तर झालं नाही. मग मयूरीनं ठरवलं, आपण करूनच बघू. एक माणूस त्या हॉलमध्ये नेऊन बसवायचा आणि काय होतं ते पाहायचं.

“चला हो मावशी, घटकाभर पाठ टेका. मी आहे ना तुमच्याजवळ.”

पारूबाई नको नको म्हणत होती. पण शिकलेली पोर इतक्या मायेनं बोलवते आहे, तिचं मन कसं मोडायचं? ती उठली. हॉलमधल्या बाकड्यावर आडवी झाली आणि क्षणात तिचा डोळा लागला. समोर बसून मयूरीनं तिचं चित्र काढलं. तिला फार बरं वाटत होतं. मिळाली की जागा, लागली की झोप! लोकांना फक्त हाताला धरून आणायला हवं.

दोघी परत आल्या, तेव्हा वॉर्डाच्या दारात सिस्टर कमरेवर हात ठेवून उभी होती.

“धोंडिराम भुसारेचं माणूस कोण? तुम्ही? कुठे होता? घसा सुकला माझा हाका मारून!”

हाडांचे मोठे डॉक्टर जिल्ह्याहून आठवड्यातून एकदा येत. ते आले होते. धोंडिरामच्या पायाचं ऑपरेशन आजच होणार होतं. नातेवाइकाची सही हवी होती. हाका मारल्या, कुणी आलं नाही. डॉक्टरांनी पुढचा रुग्ण आत घेतला.

“आता पुढच्या आठवड्यात,” सिस्टर म्हणाली.

“सिस्टर, यांची चूक नाही. मी नेलं त्यांना. जुन्या हॉलमध्ये.”

“तिथे कशाला गेलात? तिथे हाक पोचते का?”

मयूरीला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं.

पारूबाई तिला एक शब्दही वावगा बोलली नाही. ती आपल्या जागेवर जाऊन बसली आणि पदर घट्ट ओढून घेतला.

“जा बाय तू. तुजं काय चुकलं? डोळा माजा लागला.”

त्या संध्याकाळी मयूरी आपल्या मॉडेलसमोर बसून राहिली. छप्पर उचललं. सावली भिंतीवर पडली. भिंत सुंदर होती, झाड सुंदर होतं. पण तो बागेचा कोपरा वॉर्डापासून जुन्या हॉलपेक्षाही लांब होता. मॉडेलमध्ये सगळं दिसतं, ऐकू काहीच येत नाही.

ती टिळेकर सरांकडे गेली. सर वैतागले.

“अगं, हाका मारणं हे दवाखान्याचं काम. आपलं काम इमारत. लावतील तिथे स्पीकर.”

“जुन्या हॉलमध्ये आहे सर स्पीकर. उद्घाटनाच्या दिवशी वाजला होता म्हणे.”

“मग काय करणार आहेस? आता ऐन वेळी सगळं फेकणार? संगमरवरावर तुझं नाव येतंय, मुली!”

दुसऱ्या दिवसापासून मयूरी वॉर्डाच्या दाराशी पारूबाईशेजारी जाऊन बसू लागली. “मावशी, तुम्ही झोपा. हाक मी ऐकते,” ती म्हणायची. पारूबाई तिथेच भिंतीला टेकून झोपायची. बसल्या बसल्या मयूरी बघत राहायची. माणूस टेकतो तेव्हा पाठ भिंतीला कुठे लागते, पाय किती लांब पसरतो, गाठोडं कुठे ठेवतो, दार उघडलं की मान कशी वळते. पुढच्या आठवड्यात डॉक्टर आले, हाक आली, मयूरीनं पारूबाईला हलवून उठवलं. धोंडिरामच्या पायाचं ऑपरेशन झालं. काही दिवसांनी तो काठी टेकत घरी गेला.

परीक्षेचा दिवस उजाडला. टेबलांवर मॉडेलं मांडली होती. सौमित्रचा विसावा काचेचा होता. दवाखान्याच्या फाटकालगत, हमरस्त्यावरून उठून दिसेल असा. परीक्षकांनी छप्पर उचललं आणि वाहवा केली.

मयूरीच्या टेबलावर उचलायला छप्परच नव्हतं. वॉर्डाच्या भिंतीलगत एक लांबलचक दगडी ओटा होता. पाठ टेकायला उतरती भिंत, वर पन्हाळीचा पत्रा, ओट्याखाली गाठोड्यांसाठी कोनाडे, टोकाला पाण्याचा नळ. हाक ओट्यावर ऐकू यावी म्हणून वॉर्डाच्या दाराशेजारी तिनं भिंतीत एक खिडकी पाडली होती. बस्स.

परीक्षकांनी टेबलाला एक फेरी मारली. मग एकानं विचारलं, “इमारत कुठे आहे?”

“हीच आहे, सर.”

“पाच वर्षं शिकून ओटा?” सगळे हसले. टिळेकर सरांनी मान खाली घातली.

मयूरीनं पारूबाईची हकिकत सांगितली. स्वतः काय केलं, तेही सांगितलं. परीक्षकांबरोबर आलेले दादासाहेब मोहरकर शेवटपर्यंत ऐकत होते. नंतर त्यांनी ओट्याकडे नीट निरखून पाहिलं.

“बरोबर असेल पोरी तुझं,” ते म्हणाले, “पण याच्यावर नाव कुठे लावायचं?”

“नावापुरती भिंतच उरली नाही, दादासाहेब. माणसांच्या पाठी टेकतील तिथे.”

मयूरी कशीबशी पास झाली. काचेचा विसावा निवडला गेला. जुना हॉल पाडला. नव्या हॉलचं उद्घाटन थाटात झालं. फीत होती, हार होते, भाषणं होती. भाषणांत ‘गोरगरीब’ हा शब्द पुन्हा पुन्हा आला. गोरगरीब तेव्हा वॉर्डाबाहेरच्या फरशीवर बसले होते. भाषणं त्यांना ऐकू येत नव्हती. त्यांचे कान दाराकडे होते.

पाहुणे गेले. हॉल रिकामा झाला. तांबडं कुत्रं तेवढं तिथे राहायला आलं.

पुढे एका उन्हाळ्यात दादासाहेबांच्या मुलाची गाडी हमरस्त्यावर उलटली. सगळ्यात जवळ हाच दवाखाना होता. मुलाला आत नेलं. दवाखान्याचे अधिकारी धावत आले.

“दादासाहेब, आपण विसाव्यात बसा. एसी लावलाय.”

दादासाहेब काचेच्या विसाव्यात गेले. बसले. गार वाऱ्यात त्यांना घाम फुटला. आतून कुणी बोलावलं तर? रक्त लागलं तर? ते उठले आणि भराभर वॉर्डाकडे चालू लागले.

दाराशी थोडा वेळ ते उभे राहिले. फरशीवर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं वर पाहिलं. त्यानं त्यांना ओळखलं नाही. त्यानं आपलं गाठोडं मांडीवर घेतलं आणि शेजारच्यांना म्हणाला, “सरका रं जरा. दादाला बसू द्या.”

तेलगिरणीचे मालक फरशीवर बसले.

“तुमचं कोण हाय आत?”

“मुलगा.”

“बसा निवांत. हितनं हाक ऐकू येती.”

थोड्या वेळानं शिपाई शोधत आला. “साहेब, तिकडे चहा ठेवलाय, हॉलमध्ये...”

“तू पी जाऊन,” दादासाहेब म्हणाले. त्यांचे डोळे दारावर होते.

हाक आली. दादासाहेब एका दमात आत पोचले. मुलगा वाचला.

आठवड्याभरानं त्यांनी मयूरीला बोलावून घेतलं. ती शहरात एका ऑफिसात दुसऱ्यांची ड्रॉइंगं नीट करून द्यायचं काम करत होती.

“तो ओटा अजून आहे का तुझ्याकडे?” त्यांनी विचारलं.

“आहे. पण एक विचारू? आता का?”

दादासाहेबांनी कंबर चोळली. “कारण भिंतीला ती उतरण हवी, पोरी. सरळ भिंतीला टेकून माणूस मरतो.”

ओटा बांधला. त्याचं उद्घाटन मात्र झालं नाही. दिवस ठरला होता, फीतही आणली होती. पण दगडांच्या फटींतलं सिमेंट नीट वाळायच्या आधीच लोक त्यावर जाऊन बसले आणि त्यांना उठवायची कुणाची हिंमत झाली नाही.

काचेचा विसावा अजून उभा आहे. तांबडं कुत्रं तिथे निवांत झोपतं. त्याला कुणी हाक मारणार नसतं.

तात्पर्य: रिकामी जागा सजवण्याआधी ती रिकामी का आहे हे जाऊन बघावं, आणि मिळालेलं उत्तर आपल्याच सुंदर कामावर पाणी फिरवणारं असलं तरी ते मान्य करावं.