मेंढ्याच्या लोकरीतला कंठा

एका राज्यात, डोंगराच्या पायथ्याला, म्हाकूबाई नावाची धनगरीण राहत होती. तिच्या नवऱ्याचं नाव धुळू. एके सकाळी म्हाकू आपल्या शिंगाड्या मेंढ्याची लोकर कातरत होती, तर कातर खट्कन अडली. तिनं लोकर बाजूला सारली. आत कंठा होता. सोन्याचा, माणकांनी जडवलेला, मधल्या पदकात आवळ्याएवढा निळा खडा. मेंढा आदल्या दिवशी राजाच्या शिकारीच्या रानात घुसला होता. तिथल्या काटेरी झुडपांतून तो हे लेणं अंगावर घेऊन आला होता.

म्हाकूनं कंठा हातात घेतला मात्र, कुंपणावर एक तांबट पक्षी येऊन बसला.

"टुक," तांबट म्हणाला. "हा कंठा शापित आहे. लपवशील तर दगड होशील. विकशील तर दगड होशील. फेकशील तर दगड होशील."

"मग करू काय याचं? मेंढ्याला परत घालू?"

"कायद्यानं वाग. पाणवठ्यावर पुकार, बाजारात पुकार, दरबारात पुकार. मालक 'माझा' म्हणाला तर त्याला दे. कोणीच पुढे आलं नाही, तर राजा सिंहासनावरून 'बेवारस' म्हणेल, आणि मग कंठा तुझा. ठेव नाहीतर वीक. आणि ऐक, या कंठ्यासमोर जो खोटं बोलेल, तो सूर्य मावळेपर्यंत मेंढीसारखा ओरडेल. टुक."

म्हाकूला हे पटलं. पण धुळूला धीर कुठला? ती मेंढा बांधायला वळली, तोवर धुळूनं कंठा उचलला आणि तडक दाजीशेट सोनाराचं दुकान गाठलं. कंठा तराजूत पडला, आणि धुळूचे पाय उंबऱ्यातच गुडघ्यापर्यंत दगड झाले.

म्हाकू धावत आली. दाजीशेट कपाळाला हात लावून बसला होता. "बाई, तुमचे यजमान माझ्या दारात उभे आहेत. गिऱ्हाईक आत येणार कसं?"

"म्हाकू," धुळू म्हणाला, "मला वाटलं, पक्षी थापा मारतोय."

"धनी, तोंड मिटा."

दुकानाच्या वळचणीला तांबट बसलाच होता. "रोज सूर्य मावळला की दगड वर चढेल," तो म्हणाला. "ओठांना लागला की संपलं. मालकाचा 'माझा' नाहीतर राजाचा 'बेवारस', यातला एक शब्द मिळाला तरच उतरेल."

म्हाकूनं कंठा पदरात बांधला आणि पाणवठ्याकडे निघाली.

पाणवठ्यावर बायकांची गर्दी होती. म्हाकूनं कंठा उंच धरला. "सापडला आहे हो! कोणाचा आहे?"

"माझा!" सावकारीण म्हणाली.

"माझा, आईनं दिलेला," पाटलीण म्हणाली.

"दोघी खोटं बोलतात, माझा," असं म्हणत तिसरी कमरेवरची घागर सोडून धावली.

आणि तिघी एका सुरात ओरडल्या, "बेंऽऽ!"

सावकारीण ओरडत घरी गेली, पाटलीण ओरडत देवळात गेली, आणि तिसरी तिथंच पायरीवर बसून ओरडत राहिली. बाकीच्या बायका पांगल्या. म्हाकूनं पुन्हा पुकारलं, पुन्हा पुकारलं. पाणवठ्यावर आता तिच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. हो, एक पाखरू होतं.

"टुक," ते म्हणालं. "एक ठिकाण झालं."

सूर्य मावळला. दगड धुळूच्या कमरेला आला. म्हाकूनं त्याला तिथंच उभ्या उभ्या भाकरी भरवली. "मीठ कमी आहे," धुळू म्हणाला. म्हाकूनं उरलेली भाकरी फडक्यात परत बांधली.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली. पण ओरडणाऱ्या बायकांची बातमी तिच्या आधी पोचली होती. म्हाकू दिसताच कापडवाल्यानं गठ्ठे आवरले. तेल्यानं फळ्या लावल्या. भांडेवाला पालथ्या हंड्याखाली लपला.

"अहो, कोणाचा आहे का विचारते आहे! नाही तर नाही म्हणा!"

"आम्ही काही म्हणतच नाही," हंड्यातून आवाज आला. "तुझ्या कंठ्यापुढे बोलायचं कोणी? नाही म्हटलं आणि खापरपणजोबाचा निघाला, म्हणजे?"

ती कोतवालाकडे गेली. कोतवाल म्हणाला, सापडलेल्या वस्तू प्रधानांकडे. ती प्रधानांकडे गेली. प्रधान म्हणाले, बाजारातला प्रश्न कोतवालाचा. ती पुन्हा कोतवालाकडे आली, तर कोतवाल जेवायला गेला होता आणि जेवून झोपणार होता. सबंध दिवस असा गेला. टाचांना भेगा पडल्या, घशाला कोरड पडली, आणि त्या सबंध बाजारात तिला हो किंवा नाही म्हणणारा एक माणूस भेटला नाही.

सूर्य मावळला. दगड धुळूच्या छातीवर चढला. त्या संध्याकाळी त्यानं मिठाचं काही काढलं नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिला, आणि म्हणाला, "म्हाकू, गार वाटतंय गं."

म्हाकूनं आपलं घोंगडं त्याच्या खांद्यांवर टाकलं. दगडाला ऊब येत नाही हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं ते नीट गुंडाळलं, आणि उजाडेपर्यंत त्याच्या पायाशी बसून राहिली.

उजाडल्यावर ती दरबारात गेली. तिथं भाट उभा राहून राजा वज्रसेनाचा पोवाडा गात होता. महाराज युवराज असताना भोवऱ्यात कसे सापडले, आणि एकट्याच्या बाहुबळानं पोहून कसे बाहेर आले, हे त्यानं पहिल्या लाटेपासून शेवटच्या लाटेपर्यंत गायलं. म्हाकू ताटकळली. दरबारानं 'वाहवा' केली म्हणून भाटानं भोवरा पुन्हा गायला. म्हाकूनं दात आवळले.

अखेर तिची पाळी आली. "महाराज, हा कंठा मला सापडला. पाणवठ्यावर पुकारला, बाजारात पुकारला. आता इथं पुकारते. कोणाचा आहे?"

सरदारांनी मिशा चावल्या. कोणी पुढे आलं नाही.

"कोणाचा नाही. मग महाराजांनी 'बेवारस' म्हणावं, एवढीच विनंती."

राजानं कंठ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. "विचार करू."

"महाराज, एक शब्द आहे."

"प्रकरण नाजूक आहे. पुढल्या पौर्णिमेला ये."

"पुढल्या पौर्णिमेला माझ्या नवऱ्यावर कावळे बसतील!"

प्रधान पुढे सरसावले, "बाई, पायरी सांभाळा!" पण म्हाकूचा बांध फुटला होता. ती सिंहासनाच्या पायरीवरच बसली, कंठा मांडीवर ठेवून.

"नाही हलत. पाणवठ्यावर सगळ्या 'माझा' म्हणाल्या. बाजारात सगळे पळाले. कोतवालानं मला फिरवलं, प्रधानांनी फिरवलं, या पाखरानं टुक टुक करून डोकं उठवलं. पण कंठा बघून तोंड फिरवलं ते फक्त आपणच, महाराज. का फिरवलं? लोकांसारखे डोळे फाडून बघा की! बेवारस असेल तर बेवारस म्हणा. म्हणता येत नसेल तर का येत नाही ते सांगा. माझा नवरा हट्टी आहे, उतावळा आहे, रोज भाकरीला नावं ठेवतो. पण तो दगड नाही, महाराज. तो जित्ता माणूस आहे, आणि तुमच्या एका शब्दासाठी आज त्याच्या ओठांना दगड लागेल."

राजाचा हात आपल्या गळ्याकडे गेला. गळा मोकळा होता. खिडकीत तांबट बसला होता.

मग राजा वज्रसेन सिंहासनावरून उठला आणि म्हाकूच्या शेजारी, पायरीवर येऊन बसला.

"कंठा माझा आहे," तो म्हणाला.

दरबार कान टवकारून वाट पाहत राहिला. राजा मेंढीसारखा ओरडला नाही.

"भोवऱ्यातून मी पोहून आलो नाही. मला पोहता येत नाही. डोंगरावरच्या काळिंबा चेटकिणीनं मला केसाला धरून ओढून काढलं. तिनं हा कंठा दिला आणि म्हणाली, राज्याभिषेकाला घाल, आणि कोणी विचारलं तर खरं सांग. मला लाज वाटली. राजपुत्राला चेटकिणीनं वाचवलं, तेही केसाला धरून. मी पोहून आलो म्हणालो. भाटांनी पोवाडे रचले. मग तो कंठा बघवेना, म्हणून शिकारीच्या रानात भिरकावून दिला. तिनं शाप दिला असणार. मी तोंडानं 'माझा' म्हणेपर्यंत, ज्याच्या हाती लागेल त्यानं भोगावं."

भाटानं डफ हळूच खाली ठेवला.

"एवढंच?" म्हाकू म्हणाली. "एवढ्यासाठी? महाराज, कोणीतरी ओढून काढलं म्हणून तर आपण जिवंत आहात. यात लाजायचं काय होतं?"

"आता मलाही समजत नाही," राजा म्हणाला.

त्याच वेळी सोनाराच्या दुकानापुढे दगड तडकला, कपच्या उडाल्या, आणि धुळू मोकळा झाला. पायांना मुंग्या आल्या होत्या, म्हणून तो सरळ दाजीशेटच्या गादीवर पडला आणि तिथंच झोपला.

इकडे म्हाकूनं कंठा राजापुढे धरला. "घ्या. आपला आहे."

राजानं हात मागे घेतला. "मी तो जाणूनबुजून टाकला. टाकलेल्या वस्तूवर हक्क सांगणं मला शोभत नाही. सर्वांसमक्ष सांगतो, माझा होता तो मी सोडला. आजपासून कंठा म्हाकूबाईचा. ठेवो अथवा विको, कोणी आडवं येऊ नये."

म्हाकूनं खिडकीकडे पाहिलं. "काय रे? अजून काही राहिलं?"

"टुक," तांबट म्हणाला, आणि त्यानंतर त्याला माणसाचं बोलणं कधी आलं नाही.

म्हाकूनं त्याच दिवशी कंठा दाजीशेटला विकला. दाजीशेटनं तो चिमट्यानं उचलला, खाली ठेवला, आपले पाय चाचपून पाहिले, आणि मगच हातात घेतला. आलेल्या पैशात म्हाकूनं डोंगराच्या पलीकडचं हिरवं कुरण कायमचं मिळवलं.

कुरणाची वाट काळिंबाच्या झोपडीवरून जात होती. म्हणून कळप घेऊन निघाली तेव्हा तिच्याबरोबर आणखी एक जण होता, अनवाणी, मुकुटाशिवाय. धुळू त्याला वाटभर मेंढ्यांच्या खोडी सांगत होता आणि तो ऐकत होता.

झोपडीचं दार उघडं होतं. म्हातारी चुलीपुढे बसली होती. तिनं मान वर केली. राजाच्या पांढऱ्या झालेल्या केसांकडे पाहिलं, आणि एक लांब सुस्कारा सोडला.

"एक शब्द बोलायला," ती म्हणाली, "एवढी वर्षं लावतात का रे, पोरा?"

राजानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हातारीनं त्याचे केस मुठीत धरले, त्याला वर उठवलं आणि त्याच्या हातात आंबिलीची वाटी दिली.

म्हाकू थांबली नाही. मेंढ्या पुढे गेल्या होत्या. त्या राज्यात पुन्हा कोणी दगड झालं नाही, कोणी मेंढीसारखं ओरडलं नाही, आणि त्या वर्षापासून भाटांनी भोवऱ्याचा पोवाडा गायला तो काळिंबाच्या नावानं. म्हाकूच्या राज्यात जे घडलं ते एवढं, आणि ते सगळं सांगून झालं.