नाव विचारणारी चौकट

"पण सर, पंप कुठला हे विचारल्याशिवाय प्रोग्रॅमला कळणार कसं?"

निनादने हे विचारलं तेव्हाही माउस त्याच्या हातातून सुटत नव्हता.

भोसरीच्या आमच्या कारखान्यात पंप तपासायचा प्रोग्रॅम त्याने केलेला. हा प्रोग्रॅम लिहायचा नसतो, पडद्यावर मांडायचा असतो. ठोकळे ठेवायचे, वायरींनी जोडायचे. निनाद त्यात पटाईत, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक. मुख्य आकृतीला पासवर्ड घालून ठेवलेला. नवा पंप आला की स्वारी स्वतः ती उघडणार आणि पंपाचं नाव विचारणाऱ्या चौकटीत भर घालणार : हा पंप असेल तर असं, तो असेल तर तसं.

उद्या कोल्हापुरात त्याच्या वडिलांची बायपास होती. बहिणीचे फोनवर फोन. आणि नेमका आजच नवा पंप तपासणीच्या बेंचवर चढला होता.

आम्हा सगळ्यांना हे काम वाकणकर सरांनी शिकवलं. निवृत्त झालेत, तरी अधूनमधून येतात. त्यांनी खुर्ची ओढून पासवर्ड विचारला. निनादने तो सांगितला नाही, स्वतःच टाकला.

सरांनी आकृतीवरून बोट फिरवलं.

"प्रत्येक पंपाचा क्लास केलास, त्याचा स्वतःचा साचा. प्रत्येकाला त्याची टेस्ट दिलीस."

"तुम्हीच शिकवलंत, सर."

"आणि तरी प्रत्येकाला दारात अडवून नाव विचारतोस."

निनाद म्हणाला, खात्री केलेली बरी. नव्या पंपाचा क्लास मी केला होता, आणि मी तिथेच उभी होते. भरवसा कुणावर नाही, हे कळायला ज्योतिषी नको होता.

सरांनी ती अख्खी चौकट निवडली आणि डिलीट दाबलं.

वायरी तुटून लोंबायला लागल्या. निनादचा चेहरा पांढराफटक पडला. बारकोड वाचला की पंपाचा क्लास वायरीतून यायचाच. सरांनी ती वायर एकाच ठोकळ्याला जोडली. त्यावर नुसतं 'टेस्ट' लिहिलं होतं.

"ही कुठल्या पंपाची, सर?"

"जो येईल त्याची. आपली टेस्ट तो सोबतच घेऊन येतो."

निनादने बटणाकडे हात नेला. सरांनी तो बाजूला सारला आणि मला खूण केली. मी बटण दाबलं.

पंप सुरू झाला... दाब चढला, हव्या त्या आकड्यावर थांबला. दिवा हिरवा लागला.

निनाद मटकन खुर्चीत बसला. चेहऱ्यावर आनंद कसला, तो आणखीच घाबरला होता.

"मी नसताना अडलं तर?"

"अडेल. रेश्मा बघेल." सरांनी माझ्याकडे बोट केलं.

पुन्हा फोन वाजला. बहीणच होती. तो नुसता फोनकडे बघत राहिला, आणि तेव्हा कुठे मला कळलं, की हा पंपाला घाबरलेलाच नव्हता. इतका वेळ मी मनातल्या मनात त्याला लाखोल्या वाहत होते. मला फार वाईट वाटलं.

"सर... त्या दवाखान्यातलं मला काहीच कळत नाही. तिथे जाऊन मी करू काय? डॉक्टरांना विचारू काय?"

सरांनी त्याची बॅग उचलून त्याच्या मांडीवर ठेवली.

"काही विचारू नकोस. वडिलांचे पाय चेपत बस."